घटना बदलायला नेमकी किती मतं लागतात?

५ सप्टेंबर १९७०. माजी संस्थानिकांना सरकारकडून दर वर्षी मिळणारे तनखे बंद करणाऱ्या घटनादुरुस्ती विधेयकावर राज्यसभेत मतविभाजन झालं. बाजूने १४९, विरोधात ७५. जवळपास दुप्पट मतं मिळूनही विधेयक पडलं. एकूण मतदान २२४ आणि त्याचे दोन तृतीयांश म्हणजे १४९.३३. मत काही तुकड्यात पडत नाही, त्यामुळे हवी होती १५०. गंमत पाहा: विरोधातला एखादा सदस्य त्या दिवशी तापाने घरी राहिला असता तर मतदान २२३ झालं असतं, दोन तृतीयांशाचा आकडा १४८.६७ वर आला असता आणि त्याच १४९ मतांत विधेयक पास झालं असतं.

सरकारने दुसऱ्याच दिवशी आडवाट धरली. राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली, म्हणजे तनखेही आपोआप बंद. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर काही संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९७० मध्ये तो आदेश रद्द झाला. मग निवडणूक झाली, सत्ताधारी पक्ष मोठ्या बहुमताने परत आला आणि १९७१ च्या अखेरीस २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले ते गेलेच. म्हणजे सरकारला हवं ते मिळालं, पण सव्वा वर्षाने, न्यायालयात हरून आणि मतदारांकडे जाऊन आल्यावर. घटना सत्तेला लगाम घालते ती बहुतेक वेळा अशीच. ती ‘नाही’ क्वचित म्हणते. ‘थांब, आणखी कुणाला तरी विचारून ये’ हे मात्र सारखं म्हणते. कुणाला विचारायचं, किती जणांना विचारायचं आणि ती पायरी गाळली तर काय होतं, हे कळलं की घटनादुरुस्तीचा बराचसा भाग कळतो.

दोन परीक्षा, एकच मतदान

‘दोन तृतीयांश बहुमत असलं की घटना बदलता येते’ हे वाक्य निवडणूक आली की कानावर पडतं. ते अर्धवट आहे. घटना कशी बदलायची ते सांगणारं कलम ३६८ प्रत्येक सभागृहात एकाच मतदानाला दोन चाळण्या लावतं. बाजूची मतं सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त असली पाहिजेत आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांपेक्षा कमी नसली पाहिजेत.

लोकसभेच्या जागा ५४३. पहिल्या चाळणीचा आकडा २७२, आणि तो कधीच हलत नाही. जागा रिकाम्या असोत, सदस्य निलंबित असोत, की अर्धं सभागृह बहिष्कार टाकून बाहेर गेलेलं असो. दुसऱ्या चाळणीचा आकडा मात्र रोजच्या हजेरीवर ठरतो. सगळ्या ५४३ जणांनी मत दिलं तर ३६२ लागतील. ४५० जणांनी दिलं तर ३००. ४०८ जणांनी दिलं तर बरोबर २७२, म्हणजे तिथे दोन्ही चाळण्या एका रेषेत येतात. मतदान त्याहून कमी झालं तर दोन तृतीयांशाचा प्रश्नच उरत नाही, २७२ ची अट भारी पडते. राज्यसभेत २४५ जागा धरल्या तर पक्का आकडा १२३, आणि १८५ वं मत पडलं की दोन तृतीयांशाची अट वरचढ होते.

तटस्थ राहणारा सदस्य दुसऱ्या चाळणीत मोजलाच जात नाही. म्हणून मोठ्या मतदानाच्या दिवशी छोट्या पक्षांनी ‘आम्ही तटस्थ’ म्हणणं किंवा सभात्याग करणं हे बऱ्याचदा सरकारला केलेलं मोजूनमापून सहकार्य असतं. विरोधात मत दिलं तर सरकारला त्या एका मताच्या बदल्यात दोन मतं जास्त उभी करावी लागतात. बाहेर गेलं तर काहीच करावं लागत नाही. सभात्यागाच्या बातम्या वाचताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

आणखी एक गफलत विधेयक मांडण्यावरून होते. विधेयक मांडायला साधं बहुमत पुरतं. एकत्रित निवडणुकांचं विधेयक १७ डिसेंबर २०२४ ला लोकसभेत मांडलं गेलं तेव्हा बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मतं पडली. एकूण ४६७. ते मतदान अंतिम मंजुरीचं असतं तर ३१२ लागली असती आणि २६९ हा आकडा २७२ च्याही खालीच होता. पण मांडण्यापुरतं ते पुरेसं होतं, म्हणून विधेयक संयुक्त समितीकडे गेलं.

हे आकडे ठरवले कुणी

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. फाळणीनंतर सदस्य उरले २९९. खुद्द डॉ. आंबेडकर आधी बंगालमधून निवडून आले होते. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते मुंबईतून परत आले. समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी ऑक्टोबर १९४७ पर्यंत २४३ कलमांचा कच्चा मसुदा तयार केला. आंबेडकरांच्या मसुदा समितीने त्यावर काम करून फेब्रुवारी १९४८ मध्ये ३१५ कलमांचा मसुदा दिला. तो आठ महिने लोकांपुढे होता. मग कलमवार चर्चा: ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेल्या घटनेत ३९५ कलमं होती. मसुद्यावरच ११४ दिवस चर्चा झाली.

ही सगळी घटना समितीने साध्या बहुमताने मंजूर केली. तेव्हाच काहींनी आक्षेप घेतला: आम्ही साध्या बहुमताने जे लिहितोय ते उद्याच्या संसदेने साध्या बहुमताने का बदलू नये? ती तर प्रौढ मतदानाने निवडून आलेली असेल, आम्ही तसे आलेलो नाही. प्रश्न बिनतोड वाटतो. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: घटना समितीला चांगली घटना करण्यापलीकडे स्वार्थ नाही. उद्याची संसद घटना समिती म्हणून बसली तर तिचे सदस्य पक्षाचे म्हणून बसतील. घटनेतल्या एखाद्या कलमाने अडवलेलं पक्षाचं काम पुढे रेटण्यासाठीच त्यांना दुरुस्ती हवी असेल. घटनादुरुस्ती अवघड का ठेवायची याचं इतकं व्यवहारी कारण क्वचितच कुणी दिलं असेल. त्यात घटनेच्या पावित्र्याचा उल्लेखही नाही. ज्याची गैरसोय होते तोच दुरुस्तीला येणार, एवढंच साधं गृहीत आहे.

तीन कुलपं

सगळीच कलमं सारखी अवघड ठेवली असती तर राज्य चालवणं कठीण झालं असतं. म्हणून १७ सप्टेंबर १९४९ ला दुरुस्तीच्या कलमावर बोलताना आंबेडकरांनी तीन वर्ग सांगितले, आणि ते आजही तसेच आहेत.

पहिलं कुलूप नावापुरतं. काही गोष्टी संसद साध्या कायद्याने बदलते आणि त्याला कलम ३६८ खालची घटनादुरुस्ती म्हणतच नाहीत. राज्यांच्या सीमा आणि नावं यातच येतात. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला आलं ते मुंबई पुनर्रचना कायद्याने. त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागली नव्हती. कलम ३ प्रमाणे विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीने मांडायचं आणि संबंधित विधिमंडळाचं मत मागवायचं, एवढंच बंधन. ते मत ऐकलंच पाहिजे असं नाही. १९५६ मध्ये तर विधिमंडळाकडे पाठवलेल्या विधेयकात महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई असे तीन भाग होते, आणि संसदेने मंजूर केलं द्वैभाषिक मुंबई राज्य. नवा आराखडा पुन्हा विधिमंडळाकडे पाठवायला हवा होता, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळला. संयुक्त महाराष्ट्राची लढाई सभागृहापेक्षा रस्त्यावर का लढावी लागली, याचं एक कारण या कलमातच आहे.

गोव्याचं उदाहरण याहून बारीक आहे. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं ते अशाच साध्या कायद्याने. पण विधानसभेत किमान ६० आमदार हवेत असं कलम १७० म्हणतं, आणि गोव्याला ६० आमदार म्हणजे अतीच. तेवढ्यासाठी ५६ वी घटनादुरुस्ती करून ‘किमान ३०’ असं वेगळं कलम ३७१-आय घालावं लागलं. एकाच बदलाचा एक तुकडा पहिल्या कुलपात, दुसरा दुसऱ्यात.

दुसरं कुलूप म्हणजे वर सांगितलेलं विशेष बहुमत, दोन्ही सभागृहांत वेगवेगळं. तिसऱ्यात त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. आज राज्यं २८, म्हणून किमान १४. या तिसऱ्या कुलपात काय आहे? राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र आणि राज्यांच्या अधिकारांची व्याप्ती, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, सातव्या अनुसूचीतल्या याद्या (कोणत्या विषयावर केंद्राने आणि कोणत्यावर राज्यांनी कायदे करायचे ते सांगणाऱ्या), संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, जीएसटी परिषद आणि खुद्द कलम ३६८.

यादी नीट वाचली की एक गोष्ट खटकते. मूलभूत हक्क यात नाहीत. भाषणस्वातंत्र्य, समानता, जीविताचा हक्क यांत दुरुस्ती करायला एकाही राज्याला विचारावं लागत नाही. सगळ्यात मौल्यवान वस्तू सगळ्यात पक्क्या कुलपात असेल असं आपण धरून चालतो. पण तिसरं कुलूप नागरिकासाठी केलेलंच नाही, ते राज्यांसाठी आहे. केंद्राने राज्यांच्या ताटातलं काढून घेऊ नये म्हणून. नागरिकाच्या हक्कांचं काय, हा प्रश्न त्यामुळे पुढची तेवीस वर्षं न्यायालयात गाजला.

विधेयक प्रत्यक्ष कसं चालतं

घटनादुरुस्ती विधेयक कोणत्याही सभागृहात आधी मांडता येतं, राष्ट्रपतींची पूर्वपरवानगी लागत नाही. लोकसभेच्या नियमांप्रमाणे ‘विचारात घ्यावं’ हा प्रस्ताव, प्रत्येक कलम आणि शेवटची मंजुरी, या सगळ्यांना विशेष बहुमत लागतं. फक्त संक्षिप्त नाव आणि शीर्षकासारख्या भागांना साधं बहुमत चालतं. आवाजी मतदानावर भागत नाही. घंटा वाजते, लॉबी रिकाम्या करून दारं बंद होतात, बटणं दाबली जातात, ज्यांचं बटण चुकलं त्यांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात.

दोन्ही सभागृहांनी अक्षरशः तोच मजकूर मंजूर करावा लागतो. जीएसटीचं विधेयक लोकसभेने मे २०१५ मध्ये पास केलं. राज्यसभेने ३ ऑगस्ट २०१६ ला बदलांसह पास केलं. त्यामुळे ते ८ ऑगस्टला पुन्हा लोकसभेत आणावं लागलं. मग राज्यांची मंजुरी सुरू झाली, पहिला आसाम, आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. सभागृहांत मतभेद झाले तर साध्या विधेयकासाठी संयुक्त बैठक बोलावता येते, घटनादुरुस्तीसाठी नाही. म्हणून राज्यसभेत संख्या नसलेलं सरकार लोकसभेतल्या बहुमताच्या जोरावर घटना बदलू शकत नाही. १९८९ मध्ये पंचायत राज आणि नगरपालिकांची विधेयकं राज्यसभेत थोडक्या मतांनी अशीच अडली. तो विषय ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती होऊन १९९३ मध्ये अमलात आला.

राज्यांना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं, मजकुरात काना-मात्राही बदलता येत नाही. विधिमंडळात ठरावाला साधं बहुमत पुरतं आणि मुदत कुठेही लिहिलेली नाही. १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतींना सही करावीच लागते. विधेयक परत पाठवण्याची सोय इथे नाही.

लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेलं विधेयक बाद होतं, भले राज्यसभेने ते आधीच मंजूर केलेलं असो. महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेने ९ मार्च २०१० ला १८६ विरुद्ध १ ने पास केलं होतं (विरोधातलं एकमेव मत शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं). २०१४ मध्ये ते लोकसभेबरोबर गेलं. २०२३ मध्ये नव्याने आणलं तेव्हा ते १२८ वं विधेयक होतं आणि कायदा झाला १०६ व्या दुरुस्तीचा. विधेयकाचा आणि कायद्याचा क्रमांक वेगळा दिसतो तो यामुळे: मधली विधेयकं पडली, बाद झाली किंवा मागे घेतली गेली. बातम्यांत हे दोन आकडे सर्रास एकमेकांत मिसळतात.

सहकाराची दुरुस्ती आणि विसरलेली पायरी

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्याच्या, पतपेढीच्या किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या कारभाऱ्याला ९७ वी घटनादुरुस्ती वेगळी सांगायला नको. ती १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाली. तिने घटनेत सहकारी संस्थांवर नवा भाग ९-ब घातला: संचालक जास्तीत जास्त २१, मुदत पाच वर्षं, दोन जागा महिलांना आणि एक अनुसूचित जाती किंवा जमातीला, मुदत संपायच्या आत निवडणूक, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण. हेतू चांगला, संसदेत बहुमतही मोठं. पण निम्म्या राज्यांची मंजुरी घेतलीच नाही.

केंद्राचं म्हणणं असं की आम्ही सातव्या अनुसूचीतलं एक अक्षरही हलवलेलं नाही. ‘सहकारी संस्था’ हा विषय राज्य सूचीत ३२ व्या क्रमांकावर होता, तिथेच आहे. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ ला हे मानलं नाही. यादीतली नोंद तशीच ठेवून त्या विषयावर राज्याने काय लिहायचं हे घटनेतच ठरवून टाकलं, तर राज्याचा अधिकार आक्रसला हे उघड आहे. मग तिसरं कुलूप उघडायला हवं होतं. भाग ९-ब राज्यांतल्या संस्थांपुरता गेला. बहुराज्य सहकारी संस्था हा केंद्राच्याच अखत्यारीतला विषय असल्याने त्यांच्यापुरता तो राहिला. संस्था स्थापण्याच्या हक्कात ‘सहकारी संस्था’ हे शब्द घालणारा भागही राहिला, कारण मूलभूत हक्कांना राज्यांची मंजुरी लागतच नाही. तोवर महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला सहकार कायदा या दुरुस्तीप्रमाणे बदलून घेतला होता. तो राज्याचा स्वतःचा कायदा असल्याने घटनेतला भाग गेला तरी आपोआप गेला नाही. फरक इतकाच की आता तो बदलायला विधिमंडळाचे हात मोकळे झाले. हीच राज्यांची मंजुरी ७३ व्या दुरुस्तीच्या वेळी व्यवस्थित घेतली होती. म्हणजे माहीत नसलेली ही पायरी नव्हती, ती गाळली गेली.

पायऱ्या सगळ्या चढूनही शब्द निसटले तर काय होतं, हे २०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीने दाखवलं. तिने मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि कलम ३४२-अ मध्ये मागास वर्गांची यादी राष्ट्रपती जाहीर करतील असं लिहिलं. राज्यांचे अधिकार काढण्याचा हेतू नाही, असं सरकार सांगत राहिलं. ५ मे २०२१ ला मराठा आरक्षणाच्या निकालात पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी मजकूर आहे तसा वाचला: राज्यांना आता असे वर्ग ठरवता येत नाहीत. तीन महिन्यांत १०५ वी दुरुस्ती आणून राज्यांचा अधिकार परत लिहावा लागला. लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य. मराठा आरक्षण मात्र त्याने परत आलं नाही, कारण ५० टक्क्यांच्या मर्यादेचा प्रश्न वेगळा होता. दोन मुद्दे एकात घालून त्या वेळी बरीच भाषणं झाली.

चार दिवसांत घटनादुरुस्ती

आता या सगळ्या यंत्रणेची कमजोर बाजू. चाळण्या आणि कुलपं तेव्हाच काम करतात, जेव्हा किल्ल्या वेगवेगळ्या हातांत असतात.

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली. २५ जूनला आणीबाणी आली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला होती. ३९ वी घटनादुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत मांडली आणि मंजूर झाली, ८ ला राज्यसभेत, ९ ला राज्यांच्या विधिमंडळांनी तिला मंजुरी दिली आणि १० ला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांची निवडणूक कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेबाहेर, आणि तीही मागील तारखेपासून. जीएसटीला जी पायरी चढायला महिना लागला ती इथे एका दिवसात झाली. कलम ३६८ ची एकही अट मोडली नव्हती. विरोधी नेते तुरुंगात होते, केंद्रात आणि बहुतेक राज्यांत एकच पक्ष होता, इतकंच.

हिशेबाने अडलं नाही ते अडलं दुसऱ्याच जागी. तो मुद्दा समजायला दहा वर्षं मागे जावं लागतं. १९६५ मध्ये सज्जन सिंह खटल्यात प्रश्न होता: संसद मूलभूत हक्क बदलू शकते का? सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताच्या निकालात ‘हो’ म्हटलं. न्या. जनार्दन मुधोळकर निकालाशी सहमत होते, पण त्यांनी एक शंका नोंदवून ठेवली: घटनेच्या मूळ वैशिष्ट्यात केलेला बदल ही ‘दुरुस्ती’ म्हणायची, की घटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणं? उत्तर त्यांनी दिलं नाही. १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ ने न्यायालय दुसऱ्या टोकाला गेलं: हक्कांना हातच लावता येणार नाही. संसदेने २४ व्या दुरुस्तीने ते पुसलं. मग १३ न्यायमूर्तींचं पीठ बसलं, केरळातल्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांच्या याचिकेवर. ६८ दिवस सुनावणी. मठाकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून एच. एम. सिरवई, दोघेही मुंबईचे. २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ ने निकाल लागला: संसद कोणतंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कसुद्धा, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. ‘दुरुस्त’ करायचा अधिकार दिलाय, त्यात पाडून टाकायचा अधिकार येत नाही. घराची डागडुजी करायला सांगितलेल्या गवंड्याने घरच पाडलं तर ते कामात बसत नाही, तसंच काहीसं.

त्या सहा विरोधी न्यायमूर्तींत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. दोन वर्षांनी ३९ व्या दुरुस्तीचा खटला ज्या पाच न्यायमूर्तींपुढे आला त्यातही ते होते. केशवानंदचा निकाल आपल्याला पटला नव्हता हे बाजूला ठेवून त्यांनी तो बंधनकारक मानला, आणि ७ नोव्हेंबर १९७५ ला पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयापासून वाचवणारं पोटकलम रद्द झालं. इंदिरा गांधींची निवड मात्र, निवडणूक कायद्यातच मागील तारखेने बदल केलेले असल्याने, टिकली. नंतर आणीबाणीतच केलेल्या ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हानच देता येणार नाही असं लिहिलं, तेव्हा १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात ते रद्द करणारे सरन्यायाधीशही चंद्रचूडच: दुरुस्तीचा अधिकार मर्यादित असणं हाच चौकटीचा भाग आहे, मर्यादित अधिकार वापरून तो अमर्याद करून घेता येत नाही.

या तत्त्वावर टीका होते आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. चौकटीत नक्की काय आहे याची यादी घटनेत नाही. ती निकालागणिक वाढते. न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठी आयोग आणणारी ९९ वी दुरुस्ती लोकसभेत ३६७ विरुद्ध शून्य मतांनी पास झाली होती, राज्यांनीही मंजूर केली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयाने ती ४ विरुद्ध १ ने रद्द केली, आणि तिथे न्यायालय स्वतःच्याच घरचा निवाडा करत होतं. उलट आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती २०२२ मध्ये ३ विरुद्ध २ ने टिकली. एका न्यायमूर्तीच्या मताने कौल फिरेल इतकी ही रेषा बारीक आहे.

झालेलं परत फिरवताना

४२ वी दुरुस्ती उलटवणं तरी सोपं असेल असं १९७७ च्या सत्तांतरानंतर वाटलं होतं. लोकसभेत जनता पक्षाकडे संख्या होती, राज्यसभा मात्र काँग्रेसच्या हाती. म्हणजे ज्या राज्यसभेने सरकारला अडवायचं, तिनेच आता नव्या सरकारला अडवलं. दुरुस्तीच्या विधेयकात एक धाडसी कलम होतं: घटनेचं धर्मनिरपेक्ष किंवा लोकशाही स्वरूप, नागरिकांचे हक्क, मोकळ्या निवडणुका किंवा न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य यांना धक्का लावणारी दुरुस्ती देशव्यापी सार्वमत घेऊनच करायची, आणि त्यात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घेतला पाहिजे. राज्यसभेने ते कलम गाळलं. उरलेलं विधेयक सरकारने मुकाट्याने घेतलं; ती ४४ वी दुरुस्ती. सार्वमताची तरतूद आपल्या घटनेत आजही नाही.

पण जे उरलं तेही थोडं नव्हतं. आणीबाणीचं एक कारण ‘अंतर्गत अशांतता’ होतं, ते ‘सशस्त्र बंड’ झालं. संसदेची मंजुरी दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, आणि तीही विशेष बहुमताने. दर सहा महिन्यांनी पुन्हा. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही. आणि एक छोटं वाक्य. १९७५ मध्ये राष्ट्रपतींनी २५ जूनच्या रात्री पंतप्रधानांच्या शिफारशीवर सही केली होती. मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून कलम ३५२ मध्ये लिहिलं गेलं की केंद्रीय कॅबिनेटचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करायची नाही. तोवर घटनेत सगळीकडे ‘मंत्रिपरिषद’ होती. ‘कॅबिनेट’ हा शब्द तिथे पहिल्यांदा आला, आणि त्या एका कलमाबाहेर तो आजही कुठे नाही.